काळी वाळू, हिरवं झाकण

सिअ‍ॅटलहून यलोस्टोनला निघालेली मराठी कुटुंबं मोंटानात सहसा पेट्रोल आणि स्वच्छतागृह यापलीकडे कशासाठी थांबत नाहीत. आम्ही गोल्फसाठी थांबलो, त्याचं खापर भाच्यावर. अमेरिकेतल्या सॉफ्टवेअरवाल्यांना चाळिशीत चष्मा लागावा तसा गोल्फ लागतो. "मामा, वाटेवरच आहे," म्हणत त्याने हायवे सोडला आणि गाडी अ‍ॅनाकोंडा नावाच्या गावाकडे वळवली. पाटी वाचून मागच्या सीटवर हिने पाय वर घेतले.

सापाचा इथे संबंध नाही, सगळा कारभार तांब्याचा. मार्कस डेली या खाणसम्राटाने 1883 मध्ये हे गाव वसवलं. खाणी शेजारच्या ब्यूटला होत्या, पण भट्ट्यांना लागणारं पाणी इथल्या वॉर्म स्प्रिंग्ज ओढ्याला होतं. पुढे गड्याच्या मनात आलं की मोंटानाची राजधानीही इथेच हवी. त्यासाठी त्याने पैसा ओतला, पण 1894 च्या मतदानात हेलेना जिंकलं. राजधानी हुकलेल्या गावाला पुढे 585 फुटांची चिमणी मिळाली. अख्खं वॉशिंग्टन स्मारक तिच्या पोटात मावेल, असं गावकरी आल्यागेल्याला ऐकवतात. भट्ट्या 1980 मध्ये बंद झाल्या, चिमणी मात्र लोकांनी हट्टाने वाचवली. आता ती सरकारी उद्यान आहे, पण भोवतालच्या जमिनीत विष असल्याने जवळ जायला बंदी. लांबून बघायचं आणि निघायचं. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी इतकं सोयीचं प्रेक्षणीय स्थळ मी दुसरं पाहिलेलं नाही.

डेलीच्या पहिल्यावहिल्या भट्ट्या जिथे होत्या, ती जागा म्हणजे ओल्ड वर्क्स. तिथेच हा गोल्फ कोर्स आहे. आर्सेनिक, शिसं आणि तत्सम मंडळी मातीत इतकी मुरली होती, की 1983 मध्ये सरकारने हा सगळा परिसर 'सुपरफंड' यादीत घातला. देशातल्या सर्वांत बिघडलेल्या जमिनींची ही यादी. तेवढी माती उचलायची म्हटली तर ती कुणाच्या तरी दारात नेऊन टाकणं आलं. त्यापेक्षा तिथल्या तिथे झाकावी असं ठरलं. खाली चुनखडी, वर चांगली माती, त्यावर गवत. आणि गवत लावायचंच आहे तर गोल्फ का नको? आराखडा काढायला थेट नामवंत गोल्फपटू जॅक निक्लॉसला बोलावलं. 1997 मध्ये कोर्स सुरू झाला. इथे पैसे भरून कोणीही खेळू शकतो, सभासद असावं लागत नाही.

निक्लॉसने एक गंमत करून ठेवली आहे. गोल्फच्या मैदानात जागोजागी वाळूचे खड्डे असतात. इथे त्या खड्ड्यांत वाळूऐवजी तांबं काढून उरलेली मळी भरली आहे. कोळशासारखी काळी, पण दाणे काचेचे. ऊन पडलं की चमकतात, चिमटीत घेतले की बोटांना खरखरतात. भाच्याचा पांढराशुभ्र चेंडू पहिल्या फटक्यात तिथेच जाऊन बसला. हिरव्या गवतात काळा खड्डा आणि त्यात तो चेंडू, असं ठळक अपयश दुसऱ्या कुठल्या मैदानात दिसत नसेल.

चेंडू बाहेर काढल्यावर त्याने दुसरा फटका मारला, तेव्हा चेंडूपेक्षा गवताचं ढेकूळ लांब गेलं.

"अरे, हे झाकण आहे ना? मग खणतोस कशाला?" ही ओरडली.

"मामी, गोल्फमध्ये गवत उडतंच गं. परत जागेवर बसवायचं असतं."

मग दिवसभर तो पुढे आणि ही मागे. उडालेलं प्रत्येक ढेकूळ उचलायचं, जागेवर ठेवायचं आणि चपलेने दाबायचं. ज्या निगुतीने ती लोणच्याच्या बरणीला दादरा बांधते, तीच निगुती. शेजारून जाणाऱ्या दोन अमेरिकन आजोबांनी टोपी काढून तिला नमस्कार केला.

मी टेकडीकडे बघत बसलो. भट्ट्यांच्या भिंतींचे अवशेष तिथे अजून आहेत, कोणी ते लपवलेले नाहीत. मुंबईत फिनिक्स गिरणीची चिमणीही मॉलमध्ये उभी आहेच, पण तिथे ती शोभेची वस्तू झाली. इथे काळी मळी खेळणाऱ्याच्या बुटात शिरते, त्यामुळे आधी काय होतं ते विसरता येत नाही. अर्थात गवत कापायला किती माणसं लागणार? भट्टीवर जेवढी होती तेवढी नक्कीच नाहीत.

यलोस्टोनला जाणार असाल तर वाट थोडी वाकडी करून जरूर जा. उन्हाळ्यातच जा, हिवाळ्यात सगळं बर्फाखाली असतं. गोल्फ येत नसला तरी बिघडत नाही. पांढरे मोजे मात्र घालू नका.