चारसोबीस सेवानिवृत्त

1860 साली इंग्रजांनी भारतीय दंड संहिता केली आणि फसवणुकीच्या वाट्याला कलम 420 आले. कोर्टातले इंग्रजी कुणाला कळो न कळो, हा आकडा मात्र गावोगावच्या पारावर पोचला. 1955 मध्ये राज कपूरने सिनेमाच्या नावात त्याला ‘श्री’ही लावले. 1 जुलै 2024 पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात कलमेच 358, त्यामुळे 420ला जागाच उरली नाही. फसवणूक आता कलम 318मध्ये नांदते. शिक्षा तीच, सात वर्षांपर्यंत. म्हणजे लबाडी एका फटक्यात एकशे दोनने घटली! गुन्हे कमी झाल्याचा इतका चोख हिशेब आजवर कोणत्या सरकारने दिला होता? भामट्यांना मात्र हे कुणी कळवलेले दिसत नाही. ते जुन्याच इमानाने काम करताहेत.