ऐनवेळचे अध्यक्ष

तालुक्याच्या बाजारपेठेत 'अध्यक्ष' अशी हाक मारून बघा. पतपेढीचे, गणेश मंडळाचे, मजूर सोसायटीचे असे चार-पाच जण वळून बघतात. जो वळत नाही, नुसता हात वर करतो, तो नगराध्यक्ष. आजी की माजी, हे विचारायचं नसतं.

आमची नगरपालिका 'क' वर्गातली, म्हणजे लोकसंख्या ४० हजारांच्या आत. १९९९ साली जकात गेली, तेव्हापासून पालिका मुंबईच्या अनुदानाची वाट बघते आणि गाव नळाच्या पाण्याची. अध्यक्षांना दोन्हींचं फारसं दुःख नाही. त्यांचा जीव पेव्हर ब्लॉकमध्ये. पाणी येतं आणि जातं, ब्लॉकवर मात्र उद्घाटनाची पाटी बसते.

२००१ साली नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचं ठरलं आणि आमचे अध्यक्ष निवडून आले. बहुमत मात्र विरोधकांचं. खुर्ची यांची, हात त्यांचे. विषय मांडला की 'बहुमताने नामंजूर'. या हालअपेष्टांतच त्यांना 'ऐनवेळचे विषय' सापडले. विषयपत्रिकेच्या अगदी शेवटी, अध्यक्षांच्या परवानगीने, सभागृह भज्यांच्या प्लेटांकडे वळलेलं असताना येणारे विषय. आमच्या गावची निम्मी गटारं त्या भज्यांच्या वासात मंजूर झाली आहेत. एकदा विरोधकांनी चुकून इतिवृत्त वाचलं आणि जिल्हाधिकाऱ्यांकडून कलम ३०८ खाली ठराव अडकवून आणला. ते पत्र अध्यक्षांनी फ्रेम करून लावलंय. एवढ्या मोठ्या साहेबाने आपल्याबद्दल दोन पानं लिहिली, हे काय थोडं झालं?

२००६ला नियम बदलला. निवड नगरसेवकांतून, मुदत अडीच वर्षं. मग अध्यक्षांनी सहल काढली. लक्झरी बस, मोबाइल एका पिशवीत, आधी अंबाबाई, मग गोवा. देवीपुढे भंडारा उचलून ठरलं की सव्वा वर्ष यांचं, सव्वा वर्ष दुसऱ्यांचं. सव्वा वर्षानंतर राजीनामा मागायला मंडळी आली, तर अध्यक्ष म्हणाले, "शब्द दिलाय ना? पण कॅलेंडर कोणतं, ते कुठं ठरलंय?"

घरीही सभाच चालते. भेंडीची भाजी करायची तर सूचक कोण, अनुमोदक कोण. वहिनी वर्षानुवर्षं दोन्ही भूमिका एकट्याने करायच्या.

२०१६ला पुन्हा थेट निवडणूक लागली आणि आरक्षण निघालं महिलेचं. अध्यक्षांनी वहिनींना उभं केलं. फ्लेक्सवर वहिनींचा फोटो होता, अध्यक्षांचा त्याच्या दुप्पट. निवडून आल्यावर दालनात खुर्चीशेजारी आणखी एक खुर्ची आली, पाठीवर टॉवेल टाकलेली. वहिनी सह्या करायच्या, अध्यक्ष बोट ठेवायचे.

सहा महिन्यांनी वहिनींनी बोट बाजूला सारून वरचा मजकूर वाचला. विषय अर्थात पेव्हर ब्लॉकचा. "हे तर गेल्या वर्षीच बसवलेत की!" म्हणाल्या आणि 'माहिती घेऊन पुढील सभेत' असा शेरा मारला. ठेकेदार पाणी न पिताच उठला. पुढच्या आठवड्यात मुख्याधिकाऱ्यांनी शेजारची खुर्ची जन्म-मृत्यू विभागात हलवली. तिथे म्हणे बसायला कमी होतं. दारात कोणी "अध्यक्ष आहेत का?" विचारलं की हे लगबगीने बाहेर येत, आणि माणूस नम्रपणे म्हणे, "तुम्ही नव्हे, बाई."

मुदत संपली, प्रशासक आला, निवडणुका लांबत राहिल्या. चार वर्षं अध्यक्षांनी लग्नं, बारशी आणि दहावे एवढ्यावर काढली. अखेर २०२५ला सोडत निघाली : पुन्हा महिला.

अध्यक्ष धावत घरी आले. "अहो ऐकलं का? पक्षाकडे तुमचं नाव टाकून येतो!"

वहिनी आरशासमोर पदराला पिन लावत होत्या. "मी निघालेच आहे. फॉर्मवर सूचकाची सही लागते तेवढी करा. आणि हो, आधी वाचून बघा."