वीस बाजूंच्या फाशाचा वकील

रूल्स लॉयर म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’सारख्या खेळात नियमाच्या शब्दावर बोट ठेवून खेळ थांबवणारा खेळाडू. टेबलाभोवती चार-सहा माणसे बसलेली असतात. त्यांतला एक डंजन मास्टर. गोष्ट सांगणे, राक्षस चालवणे आणि निवाडा देणे ही तिन्ही कामे त्याच्याकडे. बाकीच्यांनी योद्धा, मांत्रिक, चोर, धर्मगुरू अशी पात्रे घेतलेली असतात. रूल्स लॉयरही यांपैकी काहीतरी असतो, पण ते कागदोपत्री. कमरेला तलवार असो की हातात जादूची काठी, त्याचा खरा पेशा वकिलीचा. सनद नाही, फी नाही, कोणी वकीलपत्रही दिलेले नाही. तरी तारखेला पहिला हजर.

ही जात खेळाहून जुनी आहे. जहाजावर कामापेक्षा हुज्जत जास्त घालणाऱ्या खलाशाला इंग्रजीत ‘सी लॉयर’ म्हणत आणि बराकीत कलमे पाठ म्हणणाऱ्या शिपायाला ‘बॅरक-रूम लॉयर’. खेळाचा एक जनक गॅरी गायगॅक्स याने 1979 च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’च्या शेवटी हाच बराकीतला शब्द वापरून डंजन मास्टरांना सावध केले: खेळाचा आशय महत्त्वाचा, अक्षर नव्हे, पुस्तकातली वाक्ये अंगावर फेकणाऱ्याला बधू नका. पहिली आवृत्ती निघून तेव्हा पाचच वर्षे झाली होती. तेवढ्यात लेखकाला उपसंहारात नाव घेण्याची पाळी यावी, यावरून पीक किती जोमाने आले होते ते कळते.

जमीनही तशीच कसदार होती. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनीव्हा नावाचे गाव आहे. तिथून 1974 मध्ये गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांचा हा खेळ तीन चिमुकल्या पुस्तिकांच्या रूपात, एक हजार प्रतींच्या छपाईने बाहेर पडला. त्याचे मूळ छोट्या शिशाच्या सैनिकांनी लढायच्या युद्धखेळात होते. 1971 चा ‘चेनमेल’ हा तसला खेळ वाचकाच्या घरी असणारच, असे नव्या पुस्तिका गृहीत धरत होत्या. रानावनातल्या प्रवासासाठी तर दुसऱ्याच कंपनीच्या खेळाचा नकाशा आणा, असे सुचवले होते. ज्या घरात भिंतींपेक्षा खिडक्याच जास्त, तिथे वाऱ्याला दोष देता येत नाही.

त्यात गायगॅक्स स्वतः दोन तोंडांनी बोलला. एकीकडे आशयाची महती सांगितली आणि दुसरीकडे अधिकृत नियम मनमानी बदलणारे लोक खेळाची ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आवृत्ती खेळतच नाहीत, असेही ठणकावून लिहिले. सौम्य डंजन मास्टरांनी पहिले वाक्य लक्षात ठेवले. वकिलाने दुसरे तारखेसकट पाठ केले.

त्याला ओळखायला फार वेळ लागत नाही. त्याच्या पुस्तकातून रंगीत चिठ्ठ्या मोराच्या पिसाऱ्यासारख्या बाहेर आलेल्या असतात. तो डंजन मास्टरच्या समोर बसत नाही. काटकोनात बसतो, म्हणजे डंजन मास्टरच्या आडपडद्यामागचा फासा दिसण्याची थोडी शक्यता उरते. इतर खेळाडू ‘मी दार फोडतो’ म्हणतात; हा ‘दार कशाचं आहे?’ असे विचारतो. त्याचे बोलणे ‘तसं पाहिलं तर’ने सुरू होते आणि ‘तसं लिहिलेलं नाही’ने संपते. खेळातली लढाईची एक फेरी म्हणजे गोष्टीतले 6 सेकंद. ते 6 सेकंद त्याच्या उपस्थितीत पाऊण तास चालतात आणि तेवढा वेळ ड्रॅगन तोंड उघडे ठेवून हवेत थांबलेला असतो.

त्याच्या कामाचा उत्तम नमुना म्हणजे अदृश्य चोराचा खटला. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत ‘अदृश्य’ या अवस्थेखाली दोन मुद्दे वेगवेगळे छापले होते. पहिला असा, की अशा प्राण्याला जादूच्या किंवा विशेष इंद्रियाच्या मदतीशिवाय पाहता येत नाही. दुसरा असा, की त्याच्यावर वार करणाऱ्याने दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा. आता मांत्रिकाने अदृश्य ते दिसावे असा मंत्र म्हटला. चोर लख्ख दिसू लागला. डंजन मास्टर म्हणतो, दिसला ना, मार आता सरळ. वकील हात वर करतो. मंत्राने पहिला मुद्दा गेला. दुसरा कुठे गेला? ‘दिसत नाही म्हणून’ असे दुसऱ्या मुद्द्यात लिहिलेलेच नाही. म्हणजे चोर समोर उभा आहे, त्याच्या मिशीचे केस मोजता येतात, पण नेम मात्र आंधळ्यासारखाच लागणार. टेबल हसते. मग या आवृत्तीचे नियम घडवणाऱ्यांतले प्रमुख जेरेमी क्रॉफर्ड यांनीही या प्रश्नाला हेच उत्तर दिले. त्या दिवशी जगभरच्या वकिलांनी पेढे वाटायचेच तेवढे बाकी ठेवले.

असे निकाल त्याच्याकडे पोत्याने असतात. पॅलाडिन नावाच्या धर्मयोद्ध्याचा ‘हत्याराचा जवळचा वार’ शत्रूला लागला तर तो वर दैवी तेजाचा घाव देऊ शके. बुक्की हा त्याच आवृत्तीत हत्याराचा जवळचा वार होता, पण मूठ हे हत्यार नव्हते. त्यामुळे देव काठीतून उतरे, मुठीतून उतरत नसे. जादूची दहा बोरे निर्माण करणारा एक मंत्र आहे. एका बोराने एक प्राणगुण परत येतो. तोच मंत्र ‘लाइफ’ पंथाच्या धर्मगुरूने म्हटला तर त्या आवृत्तीत प्रत्येक बोरामागे तीन गुण वाढत आणि दहाचे चाळीस होत. अधिकृत खुलाशाने हा हिशेबही मान्य केला. 2003 च्या साडेतीनाव्या आवृत्तीत बुडण्याचा नियम असा, की पहिल्या फेरीत माणूस बेशुद्ध होऊन शून्य प्राणगुणांवर येतो. अक्षरशः वाचले तर उणे आठवर मरायला टेकलेल्या योद्ध्याचे डोके बादलीत बुडवणे हा प्रथमोपचार ठरतो, कारण उणे आठपेक्षा शून्य बरे. फक्त पुढच्या फेरीची तरतूद लागू होण्याआधी डोके बाहेर काढायचे. मेलेल्या माणसाला हालचाल करता येत नाही, हे त्या आवृत्तीत स्पष्ट लिहायचे राहून गेले होते. ते कोणाच्या लक्षात आले, हे सांगायला नको.

या सगळ्यामागे एक शास्त्र आहे आणि ते थट्टेचे नाही. विशेष नियम सामान्य नियमावर मात करतो, हे खेळाच्या पुस्तकात स्पष्ट दिले आहे. संस्कृत व्याकरण शिकलेल्याला यात उत्सर्ग आणि अपवाद यांचे जुने नातेच दिसेल. अर्थ लावणाऱ्यांचे पंथही आहेत. एक म्हणतो जे लिहिले तेच खरे, दुसरा म्हणतो लिहिणाऱ्याच्या मनात होते ते खरे, तिसरा म्हणतो ज्याने मजा येईल ते खरे. तिसऱ्या पंथाचा उल्लेख झाला की वकील पाणी प्यायला उठतो.

लोक त्याला मंचकिनच्या रांगेत बसवतात, तो मात्र अन्याय आहे. मंचकिन हा निव्वळ जिंकायला आलेला हावरा गडी; नियम त्याला शिडीसारखा हवा असतो, चढून झाले की ढकलून देण्यापुरता. दोघांतला फरक शेतकऱ्यांच्या तोफेने चांगला कळतो. 2,280 शेतकरी एका रांगेत पाच-पाच फुटांवर उभे करायचे आणि प्रत्येकाने हातातला वासा पुढच्याकडे द्यायचा. नियमाप्रमाणे हे सगळे एका फेरीत, म्हणजे 6 सेकंदांत होते. वासा 11,400 फूट, दोन मैलांहून जास्त जातो. सेकंदाला 1,900 फूट, ध्वनीपेक्षा वेगाने. मंचकिन म्हणतो, आता हा वासा किल्ला उडवेल. खरा वकील इथे त्याच्याच विरुद्ध उभा राहतो. वासा पोचवताना नियमपुस्तक आणि आदळताना भौतिकशास्त्र, असे दोन दगडांवर पाय चालणार नाहीत. वेगाला इजा नेमून देणारे कलम पुस्तकात नाही. शेवटच्या शेतकऱ्याने तो साधा फेकायचा. लागला तर एका फाशाची इजा. दोन मैलांची रांग, आणि किल्ल्याचा एक टवका.

हा प्रामाणिकपणाच त्याला असह्य करतो. घायाळ मंडळी चोरपावलांनी ड्रॅगनजवळून सटकत असतात, डंजन मास्टरच्या डोक्यात दुसरेच काही असते, आणि हा सांगतो, ‘थांबा, ड्रॅगनची प्रतिक्रिया उरली आहे. जाता जाता त्याला एक चावा घेता येतो.’ चावा बहुधा त्यालाच बसतो. तो तक्रार करत नाही. फक्त फाशात कोणकोणते आकडे मिळवायचे तेवढे एकदा तपासून घेतो.

उपयोग विचाराल तर जुन्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आवृत्तीतल्या अग्निगोलापाशी जावे लागते. त्यात आग 20 फूट त्रिज्येच्या गोलात पसरे आणि जागा अपुरी असली तरी तेवढेच, म्हणजे साधारण 33,000 घनफूट आकारमान भरून काढी. दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच भुयारात हे म्हणजे 330 फुटांची आगीची नळी. मांत्रिक जोशात मंत्र सुरू करतो, तेव्हा एवढा भागाकार केलेला माणूस खोलीत एकच असतो. त्या क्षणी सगळे त्याच्याकडे पाहतात आणि पुढच्या आठवड्यात विसरतात.

डंजन मास्टरांनी त्याच्यावर नाना उपाय केले. आता माझा निर्णय, पुस्तक नंतर बघू, हा सर्वांत सभ्य. छत कोसळून सगळे मेले, हा सर्वांत जुना. काही जण गल्ली क्रिकेटच्या वळणावर जातात, बॅट माझी तर नियमही माझा. धूर्त डंजन मास्टर मात्र त्यालाच नियम शोधून देण्याचे काम सोपवतो. वकिलाला खुर्ची दिली की तो कारकून होतो. अपिलाची सोय वर होतीच. ‘ड्रॅगन’ मासिकात 1979 पासून ‘सेज अ‍ॅडव्हाइस’ हे शंकासमाधानाचे सदर चालले. पुढे क्रॉफर्ड ट्विटरवर उत्तरे देऊ लागले, तेव्हा लढाई चालू असतानाच सर्वोच्च न्यायालयात धाव घेता येऊ लागली. नंतर खेळाच्या प्रकाशक कंपनीने जाहीर केले, की ती ट्विटे अधिकृत निकाल नाहीत, नुसता सल्ला आहे. कित्येक जुने खटले एका रात्रीत पुन्हा उभे राहिले.

2024 च्या सुधारित पुस्तकांनी बऱ्याच फटी बुजवल्या. पॅलाडिनच्या मुठीत देव आला. नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे, ते सद्भावनेने वाचावेत, अशी ताकीद डंजन मास्टरच्या ग्रंथात आली. अदृश्याला पाहू शकणाऱ्यापुढे त्याचा फायदा चालत नाही, हेही स्पष्ट झाले. त्याच पुस्तकांत लपण्याचा नियम मात्र नव्याने लिहिला आहे: आडोशाला जाऊन फाशावर किमान 15 मिळवले की लपणाऱ्याला ‘अदृश्य’ ही अवस्था लागू होते. शत्रूने शोधले, कुजबुजीपेक्षा मोठा आवाज झाला, वार केला किंवा मोठ्याने मंत्र म्हटला तर ती संपते. आडोसा सोडून भर उन्हात पहारेकऱ्यासमोरून चालत गेले तर संपते, असे त्या यादीत लिहिलेले नाही. त्या पानावर चिठ्ठी लागलेली आहे.