पाहुण्याला लोणार कसं दाखवावं

लोणारात राहायला आलात म्हणजे वर्षभरात तुमच्याकडे पाहुणे येणारच. ते तुमच्यासाठी येत नाहीत, तळ्यासाठी येतात. तुमच्या घरी उतरतात एवढंच. शाळेवर नव्याने रुजू झालेले गुरुजी, बँकेत बदलून आलेले साहेब, सून म्हणून आलेली मुलगी, या सगळ्यांनी पहिला पाहुणा दारात उभा राहायच्या आत थोडा अभ्यास करून ठेवावा. आम्ही जन्मजात लोणारकर तो कधीच करत नाही. त्यामुळे आमच्याकडून शिकण्यासारखं एकच आहे, की काय करू नये.

पाहुण्याला आधी गावाचा पत्ता समजावून सांगावा. 'लोणार म्हणजे मराठवाड्यात ना?' असं तो विचारेल. त्याच्यावर रागावू नका. लोणार बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आहे. जालना, हिंगोली, वाशीम हे जिल्हे आमच्या शेजारी आहेत आणि आमची बोली निम्मी वऱ्हाडी, निम्मी मराठवाडी आहे. पण जिल्हा समजावताना दिशा सांगत बसू नका. 'घाटावर' आणि 'घाटाखाली' हे दोन शब्द पुरे आहेत. अजिंठ्याची डोंगररांग हा आमच्या जिल्ह्याचा उंबरठा. त्याच्या खाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव. वर बुलढाणा, चिखली, मेहकर, सिंदखेडराजा आणि आम्ही. घाटाखाली पडलेला पाऊस पूर्णेतून तापीला मिळतो आणि सुरतेकडे, अरबी समुद्रात जातो. घाटावरचा बहुतेक पाऊस पैनगंगा, खडकपूर्णा यांच्या वाटेने गोदावरीत आणि पुढे बंगालच्या उपसागरात जातो. इथं एक क्षण थांबावं आणि मग सांगावं, 'आणि आमच्या तळ्यात पडलेलं कुठंच जात नाही.' पाहुणा हसेल. हसू द्या. हे वाक्य पुढे पुन्हा कामाला येणार आहे.

आता त्याला काठावर न्या. सकाळी सातला न्या, नाहीतर संध्याकाळी पाचला. मी एकदा पुण्याहून आलेल्या भाऊजींना मे महिन्यात सकाळी अकराला घेऊन निघालो. आई दारातून म्हणाली, 'काहून रे बाप्पा, एवढ्या उन्हात पाहुण्याले नेतं?' मी ऐकलं नाही. इथला मे चाळिशी ओलांडतो आणि विवराच्या आत वारा नसतो. भाऊजींचा तळ्याबद्दलचा एकुलता एक अभिप्राय 'गरम आहे' असा होता आणि तो आजही कायम आहे. दिवाळीनंतर थंडी पडते आणि तेव्हाच पाहुणा कौतुकाच्या मनःस्थितीत असतो. नव्या लोणारकराने नातेवाइकांना आमंत्रण देताना महिना स्वतः ठरवावा.

काठावर पोचल्यावर पहिली दोन मिनिटं काहीही बोलू नये. हा सगळ्यांत अवघड भाग आहे, कारण आमच्या तोंडात एक वाक्य तयार असतं: 'हे जगातलं तिसऱ्या क्रमांकाचं विवर आहे.' ते गिळा. ते खरं नाही. विवर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आहे. दक्षिण आफ्रिकेतलं व्रेडफोर्ट त्याच्या शेकडो पट विस्ताराचं होतं. जगाचं सोडा, मध्य प्रदेशातल्या शिवपुरी जिल्ह्यातलं ढाला लोणारपेक्षा कितीतरी मोठं आहे. 'बेसाल्टमधलं जगातलं एकमेव' हेही वाक्य गिळा, ब्राझीलमध्ये अशी विवरं आहेत. मग बोलायचं काय? की काळ्या दगडात, म्हणजे बेसाल्टमध्ये, पडलेलं इतकं ठसठशीत टिकलेलं विवर सापडणं फार दुर्मीळ आहे. चंद्र आणि मंगळाच्या पृष्ठभागावरही बेसाल्ट आहे, म्हणून तिकडचे खड्डे समजून घ्यायला शास्त्रज्ञ इकडे येतात. क्रमांक न सांगताही पाहुणा प्रभावित होतो. मी करून पाहिलंय.

वय विचारलं तर गोंधळून जाऊ नका. एका पद्धतीने मोजलं तर सुमारे 52 हजार वर्षं येतं. नंतर दुसऱ्या पद्धतीने मोजलं तर सुमारे 5 लाख 70 हजार आलं. दहापटीहून जास्त फरक. सातबाऱ्यावर एवढा फरक निघाला असता तर गावात डोकी फुटली असती. इथं सगळे शांतपणे दोन्ही आकडे सांगतात. तुम्हीही दोन्ही सांगा आणि 'अजून ठरलेलं नाही' असं म्हणा. गावात राहणाऱ्या माणसाने न लाजता म्हणावं असं हे वाक्य आहे. ज्या दगडात हा खड्डा पडला तो मात्र सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा आहे, त्यावर भांडण नाही. म्हणूनच 'हा ज्वालामुखी आहे' ही जुनी समजूत टिकली नाही. इथले ज्वालामुखी केव्हाच विझले होते. 1970 नंतर तळ्यात खोल भोकं पाडून नमुने काढले, तेव्हा प्रचंड दाबाखाली खनिजाची काच झालेली सापडली. तिला मास्केलिनाइट म्हणतात. ज्वालामुखी तेवढा धक्का देऊ शकत नाही. आकाशातून येऊन आदळणारा दगडच देऊ शकतो.

'मग तो दगड कुठंय?' हा प्रश्न येणारच. आदळण्याच्या उष्णतेत तो बहुतेक वितळून आणि वाफ होऊन गेला. पाहुण्याला हे आवडत नाही. त्याला दगडाबरोबर फोटो हवा असतो. अशा वेळी त्याला अंबर तळ्याकडे, मोठ्या मारुतीला न्यावं. हे तळं मोठ्या विवरापासून जेमतेम पाऊण किलोमीटरवर आहे. मारुती आडवा झोपलेला आहे आणि त्याच्यापाशी होकायंत्राची सुई भरकटते असं सांगतात. कुणीतरी मातीतून लोहचुंबक फिरवतं, त्याला काळे कण चिकटतात आणि पाहुणा ओरडतो, 'उल्का!' ते कण बहुतेक बेसाल्टमधल्याच मॅग्नेटाइटचे असतात. घराच्या अंगणातही मिळतील. सांगायचं की नाही ते पाहुण्याच्या वयावर ठरवा. लहान मुलांना सांगू नये. इंजिनिअर जावयांना जरूर सांगावं.

यानंतर असुर येतो. लवणासुर इथं जमिनीखाली राहत होता. विष्णूने बालरूपात येऊन त्याच्या बिळावरचं झाकण पायाच्या अंगठ्याने उडवलं आणि त्याला मारलं. झाकण लांब जाऊन पडलं, त्याची टेकडी झाली. असुराच्या रक्तामांसाने पाणी खारट झालं, गावाला नाव मिळालं. ही गोष्ट नीट, सावकाश, आजीच्या सुरात सांगावी. एक धोका मात्र असतो. झाकण उडालं म्हणजे स्फोटच ना, मग पूर्वजांना सगळं ठाऊक होतं, असं म्हणणारा पाहुणा प्रत्येक चौथ्या मोटारीत असतो. त्याला चहा द्यावा आणि दैत्यसूदनाच्या देवळात न्यावं. ते देऊळ गावाच्या मधोमध आहे, काळ्या दगडाचं, ताऱ्यासारख्या कोनाकोनांच्या आखणीचं. बाहेरच्या भिंतीवर शिल्पांची इतकी दाटी आहे की पुराणातलं विज्ञान तो तिथंच विसरतो. काही शिल्पांपाशी सासूबाई बरोबर असल्या तर पावलं जरा भरभर टाकावीत.

आता मूळ मुद्द्याला येतो. बहुतेक पाहुण्यांना वाटतं, खड्ड्यामुळे गाव वसलं. तसं नाही. खड्डा पाहायला कोण राहायला येतं? गाव वसलं ते धारेमुळे. काठावर गोमुखातून बारमाही पडणारी गोड्या पाण्याची धार आहे, तिलाच आम्ही 'धार' म्हणतो. पाहुण्याने तिच्याखाली डोकं धरलं की त्याला भूगोल थंडपणे कळतो. बेसाल्ट एकसंध नसतो. लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेले असतात, मधून लालसर मातीसारख्या पट्ट्या जातात. पाऊस वरून झिरपतो, थरांच्या सांध्यांतून आडवा सरकतो. एरवी तो सांधा जमिनीच्या पोटात राहिला असता आणि पन्नास हात विहीर खणल्यावर भेटला असता. आघाताने सगळे थर एकदम चिरून उघडे टाकले, पाण्याला बाहेर पडायला तोंड मिळालं. म्हणजे उल्केने आम्हाला खड्डा दिला असं सगळे म्हणतात, मी म्हणतो झरा दिला. बाकी सगळं या झऱ्यामागून आलं. आधी तीर्थ झालं. मग चालुक्य-यादवांच्या काळात काठावर आणि आतही देवळं उभी राहिली. मग बारवा, धर्मशाळा, बाजार. गावातली लिंबी बारव पाहुण्याला दाखवायला विसरू नका. तिथं गर्दी नसते आणि शिल्पांबद्दल कुणी प्रश्न विचारत नाही.

हेच गोडं पाणी खाली उतरून तळ्यात पोचलं की फसतं. आता ते पहिलं वाक्य पुन्हा काढा: कुठंच जात नाही. काठ भोवतालच्या जमिनीपेक्षा वीसेक मीटर उंच आहे, आत पडलं ते आत राहिलं. इथं पाऊस चार महिने पडतो, ऊन बारा महिने पितं. पाणी उडून जातं, दगडातून विरघळलेला क्षार मागे राहतो, वर्षानुवर्षं. म्हणून तळं खारट आणि त्याहून जास्त सोड्याचं. हाच क्षार गावाचा पहिला व्यापार. 'ऐन-ए-अकबरी'त, म्हणजे सोळाव्या शतकाच्या शेवटी, मेहकर सरकारच्या, म्हणजे त्या वेळच्या जिल्ह्याच्या, वर्णनात या डोंगरांतून काच आणि साबण करायचा माल मिळतो आणि त्यातून सरकारला उत्पन्न होतं, असं नोंदलेलं आहे. खाराच्या प्रतींना दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी नावं होती. 1823 साली अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने तळ्याची नोंद केली. पाहुणा 'शोध लावला' म्हणाला तर नम्रपणे सुधारावं. मोगलांचे कारकून दोनशे वर्षं आधी इथली वसुली लिहून गेले होते. जिथं वसुली पोचते ती जागा हरवलेली नसते.

खाली उतरायचं असेल तर धारेपासून पायऱ्या आहेत. वरच्या काठापासून तळं जवळजवळ 137 मीटर खोल आहे. माकडं पिशव्या तपासतात, मोर ओरडतात, झाडी दाट होत जाते. खिशात हळदीची पुडी न्यावी, हे कुणीही सांगत नाही म्हणून मी सांगतो. बाटलीच्या झाकणात तळ्याचं पाणी घ्या, चिमूटभर हळद टाका. हळद डोळ्यांदेखत लाल होते. हळदीचं कुंकू करतात तीच ही किमया. पाण्याचा पीएच दहाच्या आसपास जातो, बोटांना ते साबणासारखं बुळबुळीत लागतं, वासही फारसा मंगल नसतो. तळ्याकाठच्या कमळजा देवीच्या देवळाजवळ सासू-सुनेची विहीर आहे. तिचं एका बाजूचं पाणी गोड, दुसऱ्या बाजूचं खारट, असं म्हणतात. कुठल्या बाजूचं कुणाचं, हे विचारणाऱ्याला उत्तर देऊ नये. पाणी चढलं असेल तर विहीर दिसणारही नाही.

2020च्या जूनमध्ये, लॉकडाऊनमध्ये, तळं गुलाबी झालं. दहा वर्षं फोन न केलेल्या नातेवाइकांनी फोन केले. कुणी म्हणालं फ्लेमिंगोंचा रंग उतरला, कुणी म्हणालं असुर जागा झाला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव सापडले. पाणी आटलं, खार वाढला, ते माजले. पाऊस आला, रंग गेला. त्याच वर्षी तळ्याला पाणथळ जागांसाठीचा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा मिळाला. पाहुण्याला 'आता गुलाबी का नाही' असा प्रश्न पडतो आणि तो तुमच्याकडे असा पाहतो जणू रंग तुम्हीच धुऊन काढला.

परत चढताना पाहुणा बोलेनासा होतो. ती तळ्याची जादू नव्हे, ती चढण आहे. म्हणून उतरण्याआधीच धारेवर बाटल्या भरून घ्या, माणशी दोन. खाली तळंभर पाणी आहे, पण त्यातलं घोटभरही पिण्याच्या कामाचं नाही.