धक्का मारा!

आमच्या शेणव्यात गाडीची बॅटरी उतरली तर कुणी मेकॅनिक शोधत नाही, चार माणसं शोधतात. किन्हवलीला जायचं असो नाहीतर डोळखांबला, जुनी जीप मुळात उतारावरच लावलेली असते. चावी फिरवायची, दुसरा गियर टाकायचा, क्लच दाबून धरायचा आणि मागून धक्का बसून गाडीनं वेग घेतला की क्लच सोडायचा. मग चाकंच इंजिनाला फिरवतात आणि इंजिन नाइलाजानं सुरू होतं. मी शाळेत विज्ञान शिकवत असल्यामुळे धक्का मारण्याऐवजी बाजूला उभं राहून गतिज ऊर्जा समजावून सांगण्याचं काम गावानं माझ्याकडे दिलेलं आहे.

पाण्यातल्या वाहनांशी मात्र आमचा संबंध नाही. भातसा आणि तानसा ही धरणं आमच्याच शहापूर तालुक्यात; त्यांचं पाणी मुंबई पिते आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकर येतो. त्यामुळे मला पोहता येत नाही, याचा दोष मी नियोजनाला देतो. होडीबद्दल माझं सगळं ज्ञान आर्किमिडीजपाशी संपतं.

एवढ्या भांडवलावर मी मे महिन्यात मालवणजवळच्या देवबागला साडूंकडे गेलो. एका अंगाला कर्ली खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर गाव. साडूंची फायबरची होडी आहे, मागे पेट्रोलवर चालणारी मशीन. साडू कामात होते म्हणून त्यांचे वडील, तात्या, आम्हा नवराबायकोला संगमाकडे घेऊन गेले. वाळूच्या पट्ट्याशी नांगर टाकून त्यांनी मशीन बंद केली, माझ्या हातात काहीतरी देऊन "ह्यां सांभाळा" म्हणाले आणि तिसऱ्या काढायला गुडघाभर पाण्यातून चालू लागले. मी ते खिशात टाकलं.

थोड्या वेळानं सुकती लागली. पाणी संगमाकडे ओढ घेऊ लागलं. तात्या बरेच लांब गेले होते. म्हाताऱ्या माणसाला इतकं चालायला कशाला लावायचं, आपणच होडी घेऊन जावं, असा उदात्त विचार माझ्या मनात आला. मी आधी नांगर उचलला. मग सेल्फ मारला. मशीन घुरघुरली, पण पेटली नाही. पुन्हा मारला. मारतच राहिलो. शेवटी घुरघुर संपली आणि पाल चुकचुकल्यासारखी नुसती टकटक उरली. बॅटरी बसली होती आणि होडी समुद्राकडे निघाली होती.

अशा वेळी माणूस संस्कारांवर जातो. मी ओरडलो, "उतरा, धक्का मारा!"

होडीत माझ्याखेरीज फक्त सौ. होती. तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तिच्यात पुढचा खुलासा आला : रस्ता चाकाला घट्ट धरतो, पाणी पंख्याला धरत नाही, होडी कितीही ढकलली तरी इंजिन फिरत नाही. "आधी नांगर टाका!" ती म्हणाली. टाकला. त्या दुपारी माझ्या हातून झालेलं हे एकमेव शहाणपणाचं काम.

पर्यटकांना सोडून परतणाऱ्या एका होडीवाल्यानं आमचे हातवारे पाहिले. त्यानं होडीला होडी लावली, आपली बारा व्होल्टची बॅटरी आणि दोन जाड वायरी काढल्या. धनाला धन, ऋणाला ऋण, असं मी मोठ्यानं म्हणालो. तोवर त्यानं जोडूनही टाकल्या होत्या. मशीन झोकात घुरघुरली. पेटली नाही.

मग मी दोरी मागितली. हे मी वाचलेलं होतं. सेल्फ ही नंतरची चैन. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगनं तो 1912 च्या कॅडिलॅक गाडीत आणला. त्याआधी 1909 मध्ये ओले एव्हिनरूडनं होडीची मशीन विकायला काढली, तिचं चाक हातानंच फिरवायचं. आमच्या मशीनला ठिणगीसाठी बॅटरी लागतच नाही. चाकाखालचा मॅग्नेटो ती फिरता फिरता तयार करतो. म्हणजे चाक नुसतं जोरात फिरलं की झालं. गियर न्यूट्रल करून मी वरचं झाकण काढलं, दोरीची गाठ चाकाच्या खाचेत अडकवली, वेढे दिले आणि अंगातल्या सगळ्या गतिज ऊर्जेनिशी ओढली. दोरी सुटून माझ्या हातात आली आणि कोपर होडीवाल्याच्या बरगडीत गेलं. त्यानं समजूतदारपणे अंतर वाढवलं. मी पुन्हा ओढली. तळहाताला फोड आले, पेट्रोलचा वास नाकात बसला. "प्लग ओला झाला असणार," मी निदान केलं. मग कार्बोरेटरवर आळ घेतला, मग पेट्रोलमध्ये भेसळ असल्याचा संशय व्यक्त केला. सौ. होडीवाल्याला आमच्याकडच्या जीपांची माहिती देऊ लागली.

एवढ्यात तात्या तिसऱ्यांची पिशवी घेऊन आले. त्यांनी उघडी पडलेली मशीन पाहिली, दोरी पाहिली, माझे हात पाहिले.

"मास्तर, खिशात काय हा?"

खिशातून तांबडी, पिळदार दोरी बाहेर लोंबत होती. तिच्या टोकाला एक क्लिप. चालवणारा पाण्यात पडला तर मशीन आपोआप बंद व्हावी म्हणून ती क्लिप त्याच्या अंगाला दोरीनं बांधलेली असते. ती जागेवर नसली की ठिणगी बंद. मग बॅटरी लावा, दोरी ओढा, नाहीतर अख्खं शेणवं धक्का मारायला आणा.

तात्यांनी क्लिप बसवली, दोरीचा एक झटका दिला. मशीन पेटली.

होडीवाला बॅटरी उचलता उचलता म्हणाला, "तात्यांनू, पावणे खंयचे?"

"ठाण्याकडचे. शाळेत मास्तर आसत."

"काय शिकवतत?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं, क्षणभर विचार केला आणि घराण्याची अब्रू वाचवली.

"चित्रकला."