हाय-लो काका

परदेशातल्या मराठी मंडळात ही व्यक्ती हमखास सापडते. मूळची वालचंद नाहीतर सीओईपीची मेकॅनिकल इंजिनीअर. पण गेली कित्येक वर्षं नोकरीत पाना धरलेला नाही, एक्सेलचे तक्तेच दुरुस्त केलेले. मुलं कॉलेजला गेली, घराचे हप्ते आटोक्यात आले, की हाताला ग्रीस लागावं म्हणून जीव तळमळायला लागतो. मग एका शनिवारी, ओहायोतल्या एखाद्या शेताच्या बांधाला, गवतात रुतलेला, ‘विकणे आहे’ची पाटी मिरवणारा ट्रेलर दिसतो. काकू गाडीतूनच म्हणतात, ‘अहो, थांबू नका.’ काका थांबलेले असतात.

आमच्या काकांनी घेतला तो ट्रेलर ‘हाय-लो’. ओहायोतल्याच बटलर या छोट्या गावात तो बनायचा. 1950च्या दशकात निघालेली ती कंपनी 2010 साली बंद पडली, त्यामुळे सुटे भाग मिळायची पंचाईत. पण पंचाईत हेच काकांच्या दृष्टीनं मुख्य आकर्षण. या ट्रेलरची गंमत त्याच्या छपरात. लहान डब्यावर मोठा डबा पालथा घालावा, तसा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्यावर बसतो. बटण दाबलं की बारा व्होल्टचा पंप घरघरतो, हायड्रॉलिक सिलिंडर पोलादी दोर ओढतो, दोर कप्प्यांवरून फिरतात आणि भिंतींसकट आख्खं छप्पर वर जातं. खाली आणायला पंप लागत नाही. झडप उघडली की ते आपल्याच वजनानं उतरतं. रस्त्यावर उंची कमी, म्हणून वारा कमी अडतो, म्हणून इंधन वाचतं. हे इंधन किती वाचेल याचा हिशेब काकांकडे तयार आहे. ट्रेलर ड्राइव्हवेतून हलला नाही त्या वर्षांत सगळ्यात जास्त वाचलं.

‘एक रबरी पट्टी बदलली की झालं,’ हे काकांचं पहिलं वाक्य. पट्टी म्हणजे दोन भागांच्या फटीत पाणी शिरू नये म्हणून लावलेली. ती काढली. आतली फळी जरा काळी वाटली म्हणून स्क्रूड्रायव्हर टेकवून पाहिला. तो मुठीपर्यंत आत गेला. काकांनी तो बाहेर काढला, टोकाला लागलेला ओला भुसा बोटांत चोळून बघितला, हुंगला, आणि चेहऱ्यावर असं समाधान आलं की जावई पसंत पडल्यावर सासऱ्याच्याही येत नसेल. बाहेरून चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा, आत लाकडाचा सांगाडा, आणि सांगाड्याचा कुठे कुठे नुसता चिवडा. काकूंनी विचारलं, ‘किती दिवस?’ काका म्हणाले, ‘दिवस नको विचारूस.’

या जातीच्या माणसाला एक शत्रू लागतो, आणि तो असतो आधीचा मालक. त्याला कुणी पाहिलेलं नसतं. विकणारा शेतकरी तो नव्हेच. त्याच्या आधीचा, किंवा त्याच्याही आधीचा. वायर चुकीच्या रंगाची जोडली ती आधीच्या मालकानं. भोकावर डक्ट टेप मारली ती त्यानंच. पण त्याचं अक्षम्य पाप म्हणजे सिलिकॉन. छपराच्या सांध्यांना त्यानं बाथरूमचं सिलिकॉन फासून ठेवलं होतं. सिलिकॉनवर दुसरं काही चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. मागमूस न ठेवता खरवडून काढावं लागतं, मग ब्युटाइल टेप लावायची. काका शिवी देणारे नाहीत. पण गणपतीच्या वर्गणीत कुणी घोळ घातला तेव्हा त्यांनी एवढंच म्हटलं होतं, ‘हा माणूस सिलिकॉनवाला आहे.’

छपराखाली शिरून काम करायचं तर आधी चारी कोपऱ्यांना लाकडी टेकू लावल्याशिवाय ते मान आत घालत नाहीत. इथे मात्र विनोद नाही. दोरावर भरवसा ठेवून त्या वजनाखाली जाऊ नये, हे त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. अडचण इतकीच, की हे ते बारशाला आलेल्या पाहुण्यांनाही सांगतात.

सजावटीचं खातं काकूंकडे आलं आणि खरा संसार सुरू झाला. जुना ट्रेलर घेणारे बहुतेक सगळे आतून पांढरा रंग मारतात, चिकटपट्टीच्या फरशा घालतात, दोन उशा टाकतात आणि फोटो काढतात. काकूंनाही तेच हवं होतं. शिवाय भिंतीवर घड्याळ, वारली चित्राची चौकट, जाड पडदे. काकांनी हात वर केले. वरच्या अर्ध्या भागात लावलेली प्रत्येक वस्तू पंपाला उचलावी लागते! मग निघाला सामानाचा काटा. भारतवारीच्या आधी बॅगा 23 किलोंत बसवायला प्रत्येक मराठी घरात असतो तो हुकाचा काटा. काकांनी ट्रेलरच्या दारात उभं राहून पडदे टांगले, आकडा वाचला, वहीत लिहिला. घड्याळ टांगलं. वारली टांगली. ‘काचेऐवजी ॲक्रिलिक चालेल,’ असा निकाल दिला. काकूंनी निमूटपणे मिसळणाचा डबा आणून हुकाला अडकवला. ‘हा खालच्या भागात जाणार आहे,’ काका म्हणाले. ‘ठाऊक आहे,’ काकू म्हणाल्या, ‘पण तुमच्या वहीत माझं एक तरी नाव असू दे.’

फ्रिजचा विषय काढू नये. तो विजेवरही चालतो आणि गॅसच्या ज्योतीवरही. ज्योत लावून थंडी तयार करायची ही युक्ती 1922 साली स्टॉकहोममधल्या प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांची. आत फिरणारा पंप नाही, अमोनियाचं उकळणं, विरघळणं आणि वाहणं एवढ्यावर कारभार. म्हणून ट्रेलर समपातळीत लागतो. काका पाणसळ घेऊन जमिनीवर आडवे होतात, चाकाखाली पाचर सरकवतात, बुडबुडा मधोमध आला की उठतात. तोवर लिंबाचं सरबत गरम झालेलं असतं.

छप्पर वर जाण्याचा सोहळा मात्र बघण्यासारखा. मंडळातलं कुणीही घरी आलं की चहाच्या आधी ड्राइव्हवेत रांग. काका बटण दाबतात आणि छपराकडे पाहतच नाहीत; पाहुण्यांच्या चेहऱ्याकडे पाहतात. जो ‘वा!’ म्हणतो त्याला भजी. जो ‘तंबू स्वस्त पडला नसता का?’ असं विचारतो त्याच्याशी काका पुढे हवापाण्यापुरतं बोलतात. अशाच एका प्रयोगात खाली उतरणाऱ्या छपरानं शेगडीवर विसरलेला पाच लिटरचा कुकर गाठला. छप्पर कलंडून अडलं, कुकरची शिटी चेपली, आणि पाहुण्यांपैकी एकानं टाळी वाजवली. त्याला तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. कुकर कुणी विसरला, यावर त्या घरात अजून एकमत नाही. काकांचा संशय आधीच्या मालकावर आहे.

वस्तीच्या समितीचं पत्र आलं, की ट्रेलर रस्त्यावरून दिसता कामा नये. काकांनी तो मागच्या अंगणात नेला, छप्पर खाली केलं आणि कुंपणाच्या वर काहीच दिसत नाही असा फोटो मोजपट्टीसकट पाठवून दिला. समितीनं पुन्हा पत्र लिहिलं नाही. त्या विजयाच्या भरात त्यांनी दुसरा हाय-लो आणला, ‘फक्त सुट्या भागांसाठी’. त्याचा सांगाडा पहिल्यापेक्षा सुका निघाला. आता कोणता कोणाचा सुटा भाग, हा प्रश्न काकूंच्या समोर काढत नाहीत.

मध्येच टायरचं प्रकरण. ट्रेलरचे टायर नुसत्या उभ्या उभ्याही म्हातारे होतात, आणि त्यांचं वय बाजूवरच्या शेवटच्या चार आकड्यांत असतं: 3204 म्हणजे 2004 सालातला बत्तिसावा आठवडा. ही विद्या हाती लागल्यापासून काका देवळाच्या पार्किंगमध्ये लोकांच्या गाड्यांपुढे गुडघे टेकून बसतात. एका आजींनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला म्हणे.

शेवटी पहिली सफर ठरली. मुलीला यलोस्टोन हवं होतं. काकांनी गाव निवडलं ते घरापासून दीड तासावरचं, बटलरच्याच शेजारचं. ‘काही बिघडलंच तर माहेर जवळ.’ मुक्काम मोहिकन स्टेट पार्कमध्ये, दुसऱ्या दिवशी मलबार फार्म. कादंबरीकार लुई ब्रॉमफील्डचं हे शेत. तो भारतात हिंडला, 1940 साली ‘नाइट इन बॉम्बे’ ही कादंबरी काढली, आणि ओहायोतल्या टेकड्यांतल्या आपल्या शेताला आपल्याकडच्या मलबारचं नाव देऊन बसला. हम्फ्री बोगार्ट आणि लॉरेन बकॉल यांचं लग्न 1945मध्ये तिथेच लागलं. काकूंना ते घर निवांत बघायचं होतं.

रात्री पाऊस आला. सगळे झोपले, काका डोक्याला बॅटरी बांधून भिंतींवरून तळहात फिरवत फिरले. पहाटे त्यांनी काकूंना हलवून उठवलं: मागच्या डाव्या दिव्याच्या स्क्रूपाशी एक थेंब! इतका आनंद त्यांना कोरड्या भिंतींनी झाला नव्हता. बोगार्टच्या लग्नाचं घर राहिलं. त्या सकाळी काका दिवा उघडून बसले, आणि दुपारी छप्पर खाली करून सगळे घरी.

रविवारी सांगलीला बहिणीला फोन. ‘मलबारला जाऊन आलो,’ काका म्हणाले.

‘अय्या! इतक्या जवळ येऊन सांगलीला आला नाहीस?’

‘येणार होतो गं,’ काका म्हणाले, ‘पण मागचा डावा दिवा गळत होता.’