सल्लागारांचा सर्वांगीण विकास

ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठांचं कौतुक करावं तेवढं थोडंच. निबंध कसा मांडावा, संदर्भ कसे द्यावेत हे विद्यार्थ्यांना शिकवायला तिथे भाषा आणि अध्ययन सल्लागार असतात. २००५ पासून त्यांची राष्ट्रीय संघटना आहे, स्वतःचं शोधनियतकालिकसुद्धा आहे. अशा माणसांना संशोधनाला वेळ दिला तर ती वाहवत जायची! म्हणून अनेक ठिकाणी त्यांना प्राध्यापकांच्या यादीतून अलगद उचलून कर्मचाऱ्यांच्या यादीत ठेवलं आणि बसायला ग्रंथालयाचा कोपरा दिला.

व्यावसायिक विकासात मात्र हयगय नाही. तासिका तत्त्वावरच्या सल्लागारानं जेवणाच्या सुट्टीत, कॅमेरा बंद करून, एका हातात सँडविच धरून ‘कामाचा ताण आणि मनःशांती’ हा वेबिनार ऐकायचा. त्या तासाचे पैसे नाहीत. ज्ञान अमूल्य असतं.

आमची नम्र सूचना: सल्ला देण्यात वाया जाणारे तासही प्रशिक्षणाकडे वळवावेत. विद्यार्थ्यांचे निबंध रात्री-अपरात्री तपासायला बाहेरची ऑनलाइन कंपनी आहेच. प्रशिक्षणाचा विषयही तयार आहे: ‘कंपनीचे शेरे विद्यार्थ्यांना कसे समजावून सांगावेत’. प्रवेशाला अट एकच. नोकरीचा करार निदान चहापानापर्यंत तरी शिल्लक असावा.